कचरा, मिथेन आणि वीज : वाईसारख्या लहान नगराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

नागरी घनकचऱ्यापासून वीज निर्माण करता येते, हे विधान आता शालेय पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. पर्यावरणशास्त्राचा पाठ घेताना ते फळ्यावर लिहिले की वाईच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हटकून येतो : मग आपल्या गावच्या कचऱ्यापासून वीज का तयार करत नाहीत? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर देताना मात्र जीवाणूंपासून विजेच्या दरापर्यंत आणि घंटागाडीपासून कृष्णेच्या पात्रापर्यंत अनेक गोष्टींचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही प्रत्यक्ष प्रकल्पांच्या आधारे हा विचार मांडला असून, वाईच्या आकाराच्या नगरापुरते एक ढोबळ गणितही करून पाहिले आहे. गणित लेखकाचे आहे. त्यातील गृहीतके जागोजागी स्पष्ट केली आहेत, म्हणजे वाचकास ती बदलून पाहता येतील.

परिभाषेविषयी आरंभीच एक खुलासा करावयास हवा. विश्वकोशाच्या गावात राहणाऱ्यास परिभाषेचा मोह सहजी सुटत नाही. कचरा केवळ टाकून दिला जातो त्या जागेस आपण 'कचरा डेपो' म्हणतो. तळाशी अभेद्य थर, वर मातीचे आच्छादन, आणि सांडपाणी व वायू गोळा करणाऱ्या नळ्या अशी रचना असते, त्या जागेस येथे 'भरावभूमी' म्हटले आहे. आपल्याकडील बहुसंख्य जागा पहिल्या प्रकारात मोडतात. हा केवळ शब्दांतील भेद नाही. वीज मिळणार की नाही, हे पुष्कळ अंशी या भेदावर ठरते.

ढिगाऱ्याच्या पोटात काय घडते

भाजीची देठे, शिळे अन्न, फळांच्या साली, निर्माल्य हे सर्व सेंद्रिय पदार्थ होत. ते उघड्यावर पडले की प्रथम हवेतील ऑक्सिजन वापरणारे जीवाणू त्यांवर काम करतात. ढिगारा वाढत गेला की आतील ऑक्सिजन संपतो आणि तेथे ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. त्यांतील एक गट पिष्टमय, प्रथिनयुक्त व स्निग्ध पदार्थांचे विघटन करून सेंद्रिय आम्ले तयार करतो. कचऱ्याच्या ढिगाऱ्याजवळ जो आंबट, उग्र दर्प येतो, तो बहुतांशी या अवस्थेचा. त्यानंतर मिथेनजनक सूक्ष्मजीव प्रामुख्याने अॅसेटिक आम्लापासून, तसेच हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेन वायू तयार करतात. स्थिर अवस्थेतील भरावभूमीच्या वायूत साधारणपणे निम्मा मिथेन आणि जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. उरलेल्या अल्प अंशात हायड्रोजन सल्फाइड, बाष्प आणि इतर घटक असतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण थोडे असले तरी तो इंजिनाचे धातूचे भाग झिजवितो, म्हणून वायू शुद्ध केल्याखेरीज इंजिनास देता येत नाही.

ही प्रक्रिया मनुष्याला नवी नाही. १७७६ मध्ये व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने मॅजोरे सरोवराच्या काठच्या चिखलातून निघणारा ज्वलनशील वायू गोळा करून त्याचा अभ्यास केला होता. आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून मिळणारा वायू इंधन म्हणून वापरला जात होता. म्हणजे या विद्येत महाराष्ट्राचे खाते शंभर वर्षांहून जुने आहे.

मिथेनला दोन बाजू आहेत. तो उत्तम इंधन आहे. एक घनमीटर मिथेन जाळल्यास सुमारे दहा युनिट एवढी उष्णता मिळते आणि लहान गॅस इंजिनातून तिचे सुमारे तीन युनिट विजेत रूपांतर होते. मात्र न जळता तो वातावरणात गेला, तर शंभर वर्षांच्या कालावधीत तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर हे प्रमाण ऐंशीच्या पुढे जाते. हवेत तो सुमारे बारा वर्षे टिकतो. त्यामुळे आज थांबविलेल्या मिथेनचा लाभ आपल्या हयातीतच दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइडविषयी असे म्हणता येत नाही.

गोराईचा अनुभव

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील गोराई खाडीच्या काठी १९७२ पासून कचरा टाकला जात असे. सुमारे वीस हेक्टर जागेवर तेवीस लाख टनांहून अधिक कचरा साठला होता. २००७ मध्ये तेथे कचरा टाकणे थांबविण्यात आले. ढिगाऱ्यास उतार देऊन त्यावर माती व अभेद्य आच्छादन घालण्यात आले, विहिरी खणून वायू गोळा करण्याची व्यवस्था झाली आणि २००९ पर्यंत त्या जागेचे रूप पालटले. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली कार्बन क्रेडिट मिळविण्याची योजना त्यास जोडलेली होती. आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीकडून महापालिकेस आगाऊ रक्कमही मिळाली. भारतातील शास्त्रीय पद्धतीने बंद केलेल्या कचराभूमींच्या पहिल्या मोठ्या उदाहरणांत गोराईचा उल्लेख होतो, आणि तो रास्त आहे. दुर्गंधी व खाडीचे प्रदूषण यांबाबतीत परिसरातील रहिवाशांना दिलासा मिळाला.

वायू मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघाला. जो निघाला तो मुख्यतः ज्योतीत जाळण्यात आला. असे का झाले, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण तेच वाईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २००६ मध्ये कचऱ्यातील मिथेन मोजण्यासाठी जी पद्धत दिली, तीत अन्नकचऱ्याचा 'अर्धकाल' दिलेला आहे. अर्धा पदार्थ कुजण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धकाल. युरोपातील थंड व कोरड्या प्रदेशांत अन्नकचऱ्याचा अर्धकाल सुमारे बारा वर्षांचा धरतात. उष्ण व आर्द्र प्रदेशात तो सुमारे दोन वर्षांचा आहे. म्हणजे आपल्याकडे ओला कचरा टाकल्यानंतर दोन वर्षांत त्यातील निम्मी वायुक्षमता संपते, चार वर्षांत तीन चतुर्थांश, आणि दहा वर्षांनी बत्तिसावा भागच शिल्लक राहतो. युरोप-अमेरिकेत भरावभूमी बंद केल्यानंतरही वर्षानुवर्षे इंजिन चालते. आपल्याकडे निविदा निघून, यंत्रे येऊन, नळ्या टाकून होईपर्यंत वायू हवेत गेलेला असतो. कागद व लाकूड सावकाश कुजतात, पण आपल्या ढिगाऱ्यात चांगला कागद उरतोच किती? कचरावेचक महिलांनी तो आधीच उचललेला असतो.

दुसरे कारण ढिगाऱ्याच्या रचनेत आहे. कमी उंचीच्या, न दाबलेल्या ढिगाऱ्यात हवा खेळत राहते आणि बराचसा कचरा मिथेन न होताच कुजतो. म्हणून वर उल्लेखिलेल्या पद्धतीत पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या अव्यवस्थित ढिगाऱ्यासाठी मिथेनचे प्रमाण शास्त्रीय भरावभूमीच्या केवळ चाळीस टक्के धरले जाते. लहान नगरांच्या जागा बहुधा याच प्रकारच्या असतात. शिवाय ढिगाऱ्यास आग लागली की उरलासुरला वायूही जातो. मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. तेथे जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तो मिथेन विजेच्या कामी आला नाही, लोकांच्या श्वासात मात्र धूर गेला.

गोराईनंतर मुंबईतच कांजूरमार्ग येथे वेगळी पद्धत अवलंबिण्यात आली. ढिगाऱ्यातून झिरपणारे सांडपाणी पुन्हा कचऱ्यात फिरवून कुजण्याचा वेग वाढवावयाचा आणि वायू गोळा करण्याची सोय प्रथमपासूनच ठेवावयाची, अशी ती रचना आहे. महानगराच्या प्रचंड कचऱ्याला ती शक्य झाली. लहान नगरपरिषदेस तिचा खर्च पेलणारा नाही.

जाळून वीज : ओलाव्याची अडचण

कचऱ्यापासून विजेचा दुसरा मार्ग म्हणजे तो थेट जाळणे. येथे आपल्या स्वयंपाकघराची सवय आडवी येते. आपण ताजी भाजी आणतो, घरी निवडतो, घरी शिजवितो. त्यामुळे आपल्या कचऱ्यात पाणी फार असते. एक किलो पाण्याची वाफ करण्यासच सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. निम्मे पाणी असलेला कचरा भट्टीत टाकला, तर त्याची पुष्कळशी उष्णता स्वतःला वाळविण्यातच खर्च होते. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने उभारलेला ३.७५ मेगावॅटचा प्रकल्प काही आठवड्यांतच बंद पडला, त्याचे मुख्य कारण कचऱ्याचे अल्प उष्मांक हेच होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी किलोमागे १५०० किलोकॅलरी वा अधिक उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचराच ऊर्जानिर्मितीसाठी वापरावा असे सांगितले, ते अशा अनुभवांनंतर.

पिंपरी-चिंचवडमधील मोशी येथे ७०० टन कचऱ्यावर चालणारा १४ मेगावॅटचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. तेथे आधी कचऱ्याची छाननी होते आणि नंतर ज्वलन होते. अशा प्रकल्पास धूर शुद्ध करणारी यंत्रणा अखंड चालू ठेवावी लागते. तीत कसूर झाली तर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये हवेत जातात. या यंत्रणेचा खर्च काही शे टन कचऱ्यावरच विभागता येतो. वाईचा दिवसाचा कचरा काही टनांत मोजावयाचा आहे. म्हणून या मार्गाचा वाईपुरता विचार येथेच थांबविणे इष्ट होय.

बंद टाकीतील पचन

ढिगाऱ्यात जे अनियंत्रितपणे घडते, तेच बंद टाकीत शिस्तीने घडविणे हा तिसरा मार्ग. यास अवायवीय पचन म्हणतात. शेणाच्या गोबरगॅसमुळे ग्रामीण महाराष्ट्रास तो परिचित आहे. फरक एवढाच, की शेण म्हणजे गाईने आधीच पचवून उरलेला पदार्थ. जीवाणूंना त्यातून थोडेच मिळते. हा मुद्दा ठासून मांडणाऱ्यांत डॉ. आनंद कर्वे यांचे नाव घ्यावे लागेल. फलटण व पुणे येथे काम केलेल्या या शास्त्रज्ञाच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी पिष्टमय खरकटे व खराब धान्य वापरणारे लहान संयंत्र विकसित केले आणि त्यास २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. चाळीस किलो शेणातून जेवढा मिथेन चाळीस दिवसांत मिळतो, तेवढा दोन किलो पिष्टमय पदार्थातून एका दिवसात मिळू शकतो, असे या संस्थेचे प्रतिपादन होते. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' संयंत्रही याच दिशेचे. त्यात कचरा प्रथम ऊष्ण तापमानात हवेच्या साहाय्याने पातळ करून घेतात आणि मग मिथेनच्या टाकीत सोडतात.

नगराच्या पातळीवर महाराष्ट्रात हे प्रयोग पुष्कळ झाले. सोलापुरात कोरड्या अवायवीय पचनाचा ३ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. नाशिकमध्ये २०१७ मध्ये जर्मन सहकार्याने हॉटेलांतील अन्नकचरा व शौचालयांतील मैला एकत्र पचवून वीज तयार करण्यास सुरुवात झाली. पुणे महानगरपालिकेने पाच-पाच टनांची संयंत्रे निरनिराळ्या प्रभागांत बसविली आणि त्यांतून मिळणाऱ्या विजेवर परिसरातील पथदिवे लावण्याची कल्पना राबविली. कल्पना उत्तम होती. परंतु यांतील अनेक संयंत्रे क्षमतेपेक्षा पुष्कळच कमी चालल्याची टीका नागरिक संघटनांनी वेळोवेळी केली. उत्तरेकडे लखनौ येथे २००३ च्या सुमारास उभारलेला पाच मेगावॅटचा पचन प्रकल्प तर अल्पावधीतच बंद झाला, कारण त्यास वेगळा केलेला ओला कचरा मिळालाच नाही.

या यशापयशांकडे पाहताना लेखकास असे वाटते, की यंत्राचा दोष फारच थोड्या ठिकाणी होता. टाकीत काय पडते, हा खरा प्रश्न होता. पिशवीसह टाकलेले खरकटे ढवळणीच्या पात्यास गुंडाळते. वाळू व माती तळाशी बसून टाकीची जागा खाते. नारळाची करवंटी व काथ्या तर महिनोन्महिने तसाच राहतो. विजेरीचे सेल, औषधे किंवा फिनेलचे पाणी आत गेले की जीवाणूच मरतात. मिथेनजनक सूक्ष्मजीव फार नाजूक असतात. त्यांना तटस्थ आम्लता आणि सारखे तापमान लागते, आणि अन्न रोज थोडे थोडे लागते.

वाईचे गणित

२०११ च्या जनगणनेनुसार वाईची लोकसंख्या सुमारे ३६ हजार आहे. माणशी दररोज ३०० ग्रॅम कचरा धरला, तर दिवसाला सुमारे ११ टन कचरा होतो. त्यातील निम्मा, म्हणजे सुमारे साडेपाच टन, ओला धरू. बाजार, मंगल कार्यालये, महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणाऱ्या पर्यटकांची हॉटेले यांमुळे प्रत्यक्ष आकडा बदलेल, पण हिशेबाची दिशा बदलणार नाही.

प्रथम भरावभूमीच्या मार्गाचा हिशेब करू. हा ओला कचरा कमी उंचीच्या ढिगाऱ्यावर टाकत राहिल्यास वर सांगितलेल्या पद्धतीने दिवसाला सुमारे ११० किलो, म्हणजे दीडशे घनमीटरांच्या आसपास मिथेन निर्माण होईल. उत्तम आच्छादन घालून त्यातील निम्मा जरी पकडता आला (आणि तेवढा पकडता येणे कठीणच), तरी सव्वादोनशे युनिट वीज मिळेल. हे सुमारे दहा किलोवॅटचे इंजिन झाले. एखाद्या मोठ्या पिठाच्या गिरणीची मोटर एवढीच असते. एवढ्यासाठी विहिरी, नळ्या, पंप व आच्छादन यांचा खर्च कोणीही करणार नाही. वर्गातील प्रश्नाचे पहिले उत्तर हे असे आहे.

आता तोच ओला कचरा वेगळा करून टाकीत पचविला, तर टनामागे ८० घनमीटर जैववायू व त्यात साठ टक्के मिथेन धरून दिवसाला सुमारे २६० घनमीटर मिथेन मिळेल. त्यापासून पावणेआठशे युनिट वीज होईल. कचरा बारीक करणारे यंत्र, ढवळणी व पंप यांसाठी पाचवा भाग वजा केला, तर सव्वासहाशे युनिट शिल्लक राहतात. घरटी महिन्याला शंभर युनिट वापर धरला, तर ही सुमारे १९० घरांची गरज झाली. वाईत घरे सुमारे आठ हजार धरली, तर हे प्रमाण शेकडा अडीचहूनही कमी आहे. कचऱ्यापासून गाव उजळेल, अशी भाषणे आपण ऐकतो, म्हणून हा आकडा स्पष्टपणे लिहिला आहे.

मग हा खटाटोप कशासाठी करावयाचा? याचे उत्तर विजेच्या हिशेबात सापडत नाही, ते मिथेनच्या हिशेबात सापडते. ढिगाऱ्यातून हवेत जाणारा ११० किलो मिथेन हा शंभर वर्षांच्या मापाने दिवसाला सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. सव्वासहाशे युनिट वीज कोळशाच्या केंद्रांवर मुख्यतः अवलंबून असलेल्या आपल्या जाळ्यातून घ्यावी लागली नाही, तर वाचतो तो अर्ध्या टनाच्याही आत. म्हणजे वातावरणाच्या दृष्टीने कचरा न कुजू देण्याचा लाभ त्याच्या विजेच्या लाभापेक्षा सहा-सात पट मोठा आहे. टाकी व नळ्यांतून वायू गळू दिला, तर हा लाभ घटतो. म्हणून गळती तपासणे हे इंजिनाच्या देखभालीइतकेच महत्त्वाचे आहे.

याखेरीज कृष्णेचा प्रश्न आहे, आणि तो आकड्यांत मांडणे कठीण आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पावसाळ्यात ढिगाऱ्यावर पडणारे पाणी कचऱ्यातून झिरपून काळे, दुर्गंधीयुक्त द्रव बनते. त्यात सेंद्रिय आम्ले असतात, अमोनिया असतो, धातूंचे अंशही असतात. या खोऱ्यात पडलेले पाणी ओढ्यांवाटे शेवटी कृष्णेलाच मिळते. वाईत ती घाटांवरून वाहते, पुढे कराडला कोयना तिला मिळते आणि त्यापुढे सांगली शहर आपले पाणी तिच्यातूनच उचलते. वरच्या गावाने काय टाकले, हे खालच्या गावास पाण्यात कळते. ओला कचरा ढिगाऱ्यावर गेलाच नाही, तर या द्रवाचा मुख्य स्रोत नाहीसा होतो.

वीज की चूल?

विजेच्या दराचाही विचार आवश्यक आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नागरी कचऱ्यापासूनच्या विजेस युनिटमागे ७ रुपये ४ पैसे असा दर ठरविला होता. दोनच वर्षांनी, मे २०१७ मध्ये, राजस्थानातील भादला येथील सौर प्रकल्पाचा दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. केवळ वीजच हवी असेल, तर नगरपरिषदेने शाळेच्या छपरावर सौरपट्ट्या बसविणे अधिक शहाणपणाचे ठरेल. कचऱ्याच्या विजेस जादा दर द्यावयाचा तर तो सफाईचा मोबदला म्हणून द्यावा. वीज म्हणून तो परवडणारा नाही.

इंजिनात मिथेनमधील सत्तर टक्के उष्णता वाया जाते. चुलीत तसे होत नाही. वरील २६० घनमीटर मिथेन थेट इंधन म्हणून वापरला, तर तो सुमारे दोनशे किलो स्वयंपाकाच्या गॅसच्या, म्हणजे १४.२ किलोच्या चौदा सिलिंडरांच्या बरोबरीचा आहे. दररोज चौदा सिलिंडर ही लहान गोष्ट नव्हे. संयंत्राजवळ एखादे वसतिगृह, रुग्णालयाचे स्वयंपाकघर किंवा मोठे हॉटेल असेल, तर नळीने वायू पुरविणे हा वाईसारख्या ठिकाणी अधिक योग्य मार्ग वाटतो. वीज करावयाचीच तर ती संयंत्राच्या आवारात, पाण्याच्या पंपासाठी व पथदिव्यांसाठी वापरावी. दूर वाहून नेऊन विकण्याइतकी ती नाहीच. संयंत्रे गावाबाहेर नेण्याचा जो आग्रह असतो, तो मात्र या विचाराच्या आड येतो. बाहेर नेले की वायूस ग्राहक उरत नाही आणि मग नाइलाजाने वीज करावी लागते.

वर्गीकरण : सातारा-सांगलीची जमेची बाजू

सर्व गणित ज्या एका गृहीतकावर उभे आहे, ते म्हणजे साडेपाच टन ओला कचरा स्वच्छपणे वेगळा मिळेल. येथे आपल्या परिसराविषयी एक आश्वासक गोष्ट सांगता येते. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या नगरांत २०२० मध्ये कराड देशात पहिले आले, २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील विटा, आणि २०२२ मध्ये पाचगणी. तीन वर्षे हा मान कृष्णेच्या आसपासच्या या दोन जिल्ह्यांकडेच राहिला. पाचगणीने तर आपल्या कचऱ्याच्या जागेचे 'स्वच्छ भारत पॉइंट' असे नामकरण करून ती पर्यटकांना दाखविण्याजोगी केली. वाईहून पसरणीचा घाट चढला की ते गाव येते. स्पर्धांचे गुण हा गुणवत्तेचा शेवटचा निकष नव्हे, हे मान्य. तरीही लहान नगरांत घरोघरी वर्गीकरण होत नाही, ही सबब निदान सातारा जिल्ह्यात तरी आता देता येणार नाही.

वर्गीकरणाचा दुसरा आधार म्हणजे ते काम करणारी माणसे. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. घराच्या दारात कचरा वेगळा घेणारी बाई आणि तो वेगळा न देणारे घर यांच्यातील रोजचा संवाद हा कोणत्याही जाहिरात फलकापेक्षा परिणामकारक असतो, असे पुण्याच्या अनुभवावरून म्हणता येते. कचऱ्याचा ठेका केवळ वजनावर देण्याची पद्धत मात्र याच्या नेमकी उलट काम करते. वजनावर पैसे मिळतात तेथे ओले-सुके एकत्र करण्यात, प्रसंगी माती मिसळण्यातही, कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते टाकीतील जीवाणूंचे.

शेवटी संयंत्र चालविण्याविषयी. नगराचा ओला कचरा वर्षभर सारखा नसतो. लग्नसराईत व घाटांवरील कृष्णाबाईच्या उत्सवात अन्न एकाएकी वाढते, गणेशोत्सवात निर्माल्य येते, आंब्याच्या दिवसांत कोयी व साली. एका दिवशी दुप्पट अन्न टाकीत गेले, तर आम्ल करणारे जीवाणू भराभर काम करतात. मिथेन करणारे मागे पडतात. टाकी आंबते आणि वायू बंद होतो. ती पुन्हा सुरळीत करण्यास काही आठवडे लागतात. डिसेंबर-जानेवारीत वाईच्या थंडीनेही वेग मंदावतो. हे सर्व ओळखणारा, रोज सकाळी टाकीची आम्लता तपासून आज किती घालावयाचे हे ठरविणारा एक जाणता कर्मचारी लागतो. तो ठेकेदारासोबत दर तीन वर्षांनी बदलून चालत नाही. प्रकल्प अहवालांत टाकीची घनता, इंजिनाची अश्वशक्ती व परतफेडीची वर्षे तपशिलाने दिलेली असतात. या कर्मचाऱ्याचे पद कोणते, त्यास प्रशिक्षण कोण देणार आणि त्याचे वेतन नगरपरिषदेच्या कोणत्या शीर्षाखाली पडणार, हे मात्र त्यांत क्वचितच लिहिलेले आढळते.